बेंबीपासून उजवीकडे सरकणारी पोटदुखी : अपेंडिक्स ओळखणं आणि ऑपरेशननंतरचे दिवस

सुरंगी

धाकट्या दिरांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यापासून नात्यातले, वाडीतले, शाळेतले सहकारी सगळे मला तेच प्रश्न विचारतात. ओळखलं कसं? लगेच कापायलाच हवं होतं का? नंतर बागेतली कामं जमतात का? प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे लिहिते. तुमचेही अनुभव लिहा, म्हणजे पुढे कुणी रात्री-अपरात्री शोधत आलं तर त्याला एकाच जागी वाचायला मिळेल.

आमचं गाव देवरुखच्या बाजूला. भाऊजी हापूसची बाग बघतात, वय तिशीच्या आत, तब्येत ठणठणीत. ऐन हंगामात एका संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं. नेमकं कुठे म्हणून विचारलं तर सगळ्या पोटावरून हात फिरवायचे. जेवण समोर आलं तर ताट सरकवलं. ज्या माणसाला भूक नाही असं कधी होत नाही, त्याने ताट सरकवणं माझ्या डोक्यात राहिलं. रात्री एक उलटी झाली. पहाटेपर्यंत दुखणं बेंबीपासून हटून उजवीकडे खाली, कमरेच्या हाडाच्या जरा आत, येऊन बसलं. आता बोट ठेवून दाखवता येत होतं. ताप म्हणावा तर अंग फक्त कोमट. पडल्या पडल्या उजवा पाय पोटाशी घेतला की बरं वाटायचं, आणि खोकला आला की कळ यायची.

सासूबाईंचं म्हणणं, बेंबी सरकली असणार, चोळून घेऊ. शेजारचे काका एरंडेल घेऊन आले. दोघांचाही जीव तुटत होता म्हणूनच ते सांगत होते. पण वाडीतल्या आशाताई योगायोगाने आल्या आणि त्यांनी ठामपणे सांगितलं : पोट चोळायचं नाही, जुलाबाचं काही द्यायचं नाही, शेकायचं नाही, आणि तोंडाने काहीही न देता दवाखान्यात न्यायचं. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पोट हळूहळू दाबून पाहिलं. डावीकडे दाबलं तरी भाऊजी म्हणाले, उजवीकडे दुखतंय. उजवीकडे दाबून हात पटकन सोडला तेव्हा तर ते कळवळले. डॉक्टरांनी सलाईन लावून, चिठ्ठी लिहून रत्नागिरीला सर्जनकडे पाठवलं. रस्त्याची स्थिती आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला आणि गतिरोधकाला भाऊजी दोन्ही हातांनी पोट धरून बसत होते.

तिथे रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी १५ हजारांच्या वर निघाल्या. सोनोग्राफीत मात्र अपेंडिक्स दिसलंच नाही, आतड्यात गॅस फार होता. आम्हाला वाटलं, दिसत नाही म्हणजे सुटलो. सर्जननी बसवून समजावलं की सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स दिसलं तर ती खात्रीची खूण, पण न दिसणं म्हणजे आजार नाही असं नव्हे. मग सीटी स्कॅन झाला. अपेंडिक्स ११ मिलिमीटर जाड, तोंडाशी विष्ठेचा खडा अडकलेला. त्याच संध्याकाळी दुर्बिणीने ऑपरेशन झालं. फुटलं नव्हतं, पण टोक काळं पडायला लागलं होतं.

आता नंतरचं, कारण याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

पहिल्या रात्री पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. आम्ही घाबरलो, हृदयाचं काही आहे का म्हणून. सिस्टरांनी सांगितलं की दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा उरतो, तो पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात उमटतं. चालायला लागल्यावर ते आपोआप कमी झालं. चालणं म्हणजे खोलीतल्या खोलीत, हात धरून, पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच उठवलं. उठायचं कसं तेही शिकवलं : आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताचा रेटा देऊन बसायचं. सरळ पोटावर जोर देऊन उठलं की टाक्यांवर ताण येतो. खोकला किंवा शिंक आली की पोटाशी उशी घट्ट धरायची. ही उशी घरी येईपर्यंत भाऊजींच्या हातातून सुटली नाही.

गॅस सरकला का, हा प्रश्न सकाळ-संध्याकाळ. सरकल्यावर आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात आणि ताक. घरी आल्यावर बद्धकोष्ठाचा खरा त्रास झाला, कारण दुखणं थांबवायच्या काही गोळ्यांनी आतडं मंदावतं. कुंथायचं तर नाही. डॉक्टरांनी शौचाला मऊ होण्याचं औषध दिलं आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं, त्याने सुटका झाली. जखमेवर हळद, कोरफड, काही म्हणजे काही लावू नका अशी ताकीद होती.

सगळ्यात अवघड गेलं ते आंब्याचं. बाहेरच्या टाक्यांवर पट्टीसुद्धा उरली नव्हती, चेहऱ्यावर तजेला आला होता आणि बागेत आंबा तयार. भरलेलं क्रेट म्हणजे वीसेक किलो. भाऊजींना घरात बसवून ठेवणं हे ऑपरेशनपेक्षा मोठं काम होतं. बाहेरून तीन बारीक भोकं दिसतात म्हणून घरच्यांनाही वाटतं, आता काय झालंय, उचल की. पण बेंबीपाशी पोटाच्या भिंतीचा थर आतून शिवलेला असतो आणि तो भरायला वेळ लागतो. आम्ही त्यांना पडवीत खुर्ची दिली आणि आंबा निवडायचं, पेट्यांवर नाव घालायचं काम दिलं. आंबे उतरवायचा झेला आणि क्रेट चुलतभावांनी सांभाळलं. दुपारी गळून गेल्यासारखं व्हायचं, झोप यायची. ते बरेच दिवस राहिलं, हेही स्वाभाविक असतं असं कळलं.

घरात आजारी माणूस असताना आपण घरगुती उपायांना चिकटून राहतो ते प्रेमापोटीच. पण बेंबीपासून उजवीकडे उतरलेलं दुखणं दिसलं तर तासही न घालवता सर्जनचा हात पोटावर पडू द्या, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

---

गोदातीर

ताई, फार उपयोगी लिहिलंत. वाचनखूण साठवली.

लहान मुलांबद्दल थोडी भर घालतो. माझा भाचा चार वर्षांचा होता. एवढी लहान मुलं बोट ठेवून दाखवू शकत नाहीत, सगळ्या दुखण्याला ‘पोट’ म्हणतात. त्याला उलट्या, ताप आणि थोडे जुलाबही होते, त्यामुळे पोट बिघडल्याचं औषध सुरू झालं. खेळणं सोडून कमरेत वाकून चालायला लागला तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी तातडीने पाठवलं. तोवर फुटलं होतं. पोट धुवावं लागलं, नळी ठेवावी लागली, शिरेतून अँटिबायोटिक बरेच दिवस चाललं. आज तो उत्तम आहे, दहावीला आहे. पण मूल उडी मारायला नको म्हणतंय, वाकून चालतंय, एवढ्या खुणेवरून तरी दाखवायला हवं.

---

पारंबी

मुलींच्या आयांसाठी लिहिते आहे. माझी लेक पुण्यात वसतिगृहात असते. उजवीकडे खाली अचानक असह्य दुखायला लागलं, उलट्या. मैत्रिणींनी अपेंडिक्सच समजून नेलं. निघालं वेगळंच : उजव्या अंडाशयावर गाठ होती आणि तिच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडला होता. त्यातही तास मोजूनच वागावं लागतं, रक्तपुरवठा तुटला तर अंडाशय जातं. वेळेत ऑपरेशन झालं, वाचलं.

तिथल्या डॉक्टरांनी गर्भधारणेची तपासणी केली म्हणून आमच्या घरातली वडीलधारी मंडळी दुखावली. कृपया दुखावू नका. त्या वयातल्या प्रत्येक बाईची, लग्न झालेलं असो-नसो, पोटदुखीत ती तपासणी करतातच. गर्भनलिकेतला गर्भ फुटला तर असंच दुखतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. मुलीच्या चारित्र्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मुलीला आपल्याशी मोकळेपणी बोलता यावं, पाळी कधी आली होती हे डॉक्टरांना संकोच न करता सांगता यावं, एवढं घरात आधीच करून ठेवावं.

---

सांगलीकर_सर्जन

सुरंगीताई, तुमच्या आशाताईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. मी सरकारी आणि खासगी दोन्हीकडे काम केलेला सर्जन आहे. थोडं सविस्तर लिहितो.

आधी दुखणं जागा का बदलतं ते. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीसारखी एका टोकाला बंद असलेली नळी. तिचं तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा सुजलेल्या लसिका ऊतींनी बंद झालं की आतला स्राव कोंडतो, दाब वाढतो, जंतू माजतात. सुरुवातीला फक्त नळी ताणलेली असते. आतड्याच्या मज्जातंतूंना जागा नीट सांगता येत नाही, आणि अपेंडिक्सचे तंतू पाठीच्या कण्यात जिथे पोचतात तिथेच बेंबीच्या भागाचेही पोचतात. म्हणून मेंदूला ते बेंबीशी दुखल्यासारखं वाटतं. सूज बाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की मात्र जागा अचूक कळते, कारण त्या अस्तराचे तंतू वेगळे आणि नेमके असतात. तुमच्या भाऊजींनी संध्याकाळी हात फिरवणं आणि पहाटे बोट ठेवणं, या दोन्हींच्या मधे हे सगळं घडलं.

त्या बोटाच्या जागेला मॅकबर्नीचा बिंदू म्हणतात. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये तिचं वर्णन केलं. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेघ धरली तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर. त्याआधी तीन वर्षं, १८८६ मध्ये, बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी हा आजार अपेंडिक्समधून सुरू होतो आणि ते लवकर काढलं पाहिजे असं स्पष्ट मांडलं होतं. तोपर्यंत माणसं पोटात पू होऊन जात होती आणि कारण कळत नव्हतं.

खड्ड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते नुसतं वर्णन नाही, ती तपासणीच आहे. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. अपेंडिक्सच्या संशयाने आलेल्या रुग्णांना विचारलं, येताना गतिरोधकावर दुखलं का? ज्यांचं अपेंडिक्स नंतर खरोखर सुजलेलं निघालं अशा ३४ जणांपैकी ३३ जण हो म्हणाले होते. इतर आजारांतही दुखतं, त्यामुळे ‘हो’वरून निदान पक्कं होत नाही. पण धक्के बसूनही अजिबात दुखलं नसेल तर अपेंडिक्स असण्याची शक्यता बरीच खाली येते. मी तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला रस्त्याबद्दल विचारतो. आपल्याकडे उत्तर द्यायला कुणाला अडचण येत नाही.

निदानासाठी आम्ही गुण मोजतो. १९८६ मधली अल्वाराडो यांची पद्धत अजून वापरात आहे. दुखणं सरकणं, भूक जाणं, मळमळ किंवा उलटी, हात सोडताना कळ, ताप आणि रक्तात तरुण पांढऱ्या पेशींचं प्रमाण वाढणं, प्रत्येकी एक गुण. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं आणि एकूण पांढऱ्या पेशी वाढणं, प्रत्येकी दोन. एकूण दहा. सात किंवा जास्त आले तर शक्यता दाट. मधल्या गुणांना सोनोग्राफी, सीटी किंवा काही तास दाखल करून पुन्हा पुन्हा पोट तपासणं. हे शेवटचं लोकांना आवडत नाही, ‘नुसतं झोपवून ठेवलंय’ म्हणतात. पण सहा तासांनी तेच पोट त्याच हाताने तपासणं यासारखी दुसरी तपासणी नाही. सोनोग्राफीत ६ मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबून न दबणारं अपेंडिक्स दिसलं तर ते सुजलेलं. लहान मुलं आणि गरोदर बायांमध्ये किरणोत्सर्ग टाळायला आम्ही आधी सोनोग्राफी करतो आणि गरोदरपणात गरज पडली तर एमआरआय.

आणि काही अपेंडिक्स पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत. ते मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल तर पोटापेक्षा पाठीत, कुशीत दुखतं. ओटीपोटात उतरलेलं असेल तर लघवीला जळजळ किंवा वारंवार पातळ शौच होते. गरोदरपणात गर्भाशय वाढल्यावर दुखणं वर सरकू शकतं. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतो, दुखणं बेताचं असतं आणि आत मात्र फुटलेलं असतं. आपल्याकडे त्याच जागी आतड्याचा क्षयरोग, टायफॉइड, उजव्या बाजूचा मूतखडा हेही येतात. यासाठीच म्हणतो, इंटरनेटवर लक्षणं जुळवून बसू नका. हा धागा वाचूनसुद्धा.

एक विशेष धोक्याची खूण : खूप दुखत होतं आणि एकदम थांबलं. घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. कधीकधी ते अपेंडिक्स फुटून दाब मोकळा झाल्याने असतं. थोड्या वेळाने सगळं पोट कडक होतं, ताप चढतो.

---

आबोली

डॉक्टर, वेदनाशामक गोळी दिली तर आजार झाकला जातो, म्हणून दुखत ठेवायचं असं आमच्या लहानपणापासून ऐकलंय. खरं का?

---

सांगलीकर_सर्जन

पूर्वी आम्हालाही तसंच शिकवलं होतं. आता अभ्यासांवरून कळलंय की रुग्णालयात तपासणी सुरू असताना वेदनाशामक दिल्याने निदान चुकत नाही, आणि रुग्णाला तडफडत ठेवायचं काही कारण नाही. घरी मात्र गोळ्या घेत वेळ काढू नका. घेतलीच असेल तर कोणती आणि केव्हा हे लपवू नका. शेवटचं अन्नपाणी किती वाजता घेतलं हेही लक्षात ठेवा, भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न तोच विचारतात.

---

माणदेश

माझ्या मेहुण्याला अपेंडिक्स निघालं होतं आणि फक्त औषधांवर बरं झालं, ऑपरेशन केलंच नाही. मग सगळेच डॉक्टर कापायची घाई का करतात? मला खरंच समजून घ्यायचंय.

---

सांगलीकर_सर्जन

रास्त प्रश्न आहे. औषधांवर बरं होतं, हे खरं आहे. अमेरिकेत दीड हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना अँटिबायोटिक, अर्ध्यांना ऑपरेशन. महिन्याभरानंतरची प्रकृती दोन्हीकडे साधारण सारखीच होती. पण औषधवाल्यांपैकी दर दहांत तिघांना ९० दिवसांच्या आत ऑपरेशन करावंच लागलं. ज्यांच्या अपेंडिक्समध्ये खडा होता त्यांच्यात हे प्रमाण दहांत चारापर्यंत गेलं आणि गुंतागुंतही जास्त झाली. फिनलंडमध्ये रुग्णांना पाच वर्षं पाहिलं, तिथे औषधांवर ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आजार परत आला.

म्हणून माझं मत असं. न फुटलेलं, खडा नसलेलं अपेंडिक्स, सीटीने खात्री झालेली, आणि पुन्हा दुखलं तर तासाभरात रुग्णालय गाठता येईल असा माणूस, त्याच्यासमोर मी दोन्ही पर्याय ठेवतो. सुरंगीताईंच्या भाऊजींना खडा होता, तिथे मी ऑपरेशनच सुचवलं असतं. आणि जो वाडीवस्तीवर राहतो, पावसाळ्यात ज्याचा रस्ता बंद होतो, त्याला मी औषधांवर घरी पाठवणार नाही. औषधं म्हणजे शिरेतून दिलेली अँटिबायोटिक आणि देखरेख. साबुदाण्यासारख्या गोळ्या किंवा काढे नव्हेत.

तुमच्या मेहुण्यांची गोष्ट कदाचित आणखी वेगळी असू शकेल. काही जण चार-पाच दिवसांनी येतात तेव्हा आतडी आणि चरबीचा पदर अपेंडिक्सभोवती गोळा होऊन गाठ झालेली असते. शरीराने स्वतःच घातलेलं ते कुंपण तोडायला गेलं तर आतड्याला इजा होते. अशा वेळी आम्हीच ऑपरेशन करत नाही. सलाईन, अँटिबायोटिक, आणि गाठ कमी होते का ते रोज तपासतो. अपेंडिक्स काढायचं ठरलं तर सहा ते आठ आठवड्यांनी. चाळिशीपुढच्या माणसाला अशी गाठ झाली असेल तर ती विरल्यावर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी जरूर करावी, मागे कर्करोग दडलेला असू शकतो. मेहुण्यांचं वय त्यात बसत असेल तर एवढं विचारून घ्या.

---

माणदेश

वय ५२. उद्याच फोन करतो. मनापासून आभार डॉक्टर.

---

म्हादई

वेळेत ऑपरेशन किती मोलाचं, यावरून आठवलेली खरी गोष्ट सांगते. आमच्या गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमा तिथून आखल्या जातात. आपलं ‘मैत्री’ स्थानक ज्या शिर्माखर ओअ‍ॅसिसच्या खडकाळ पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यात काही किलोमीटरवर रशियाचं नोव्होलाझारेवस्काया स्थानक आहे. तिथे १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव्ह नावाचा २७ वर्षांचा डॉक्टर होता, तेरा जणांच्या तुकडीतला एकटाच. एप्रिलच्या अखेरीस त्याच्या स्वतःच्याच उजव्या पोटात दुखायला लागलं. बाहेर बर्फाचं वादळ, विमान येणं अशक्य. त्याने जागेपुरतं भूल देणारं इंजेक्शन स्वतःला टोचलं. एक हवामानतज्ज्ञ अवजारं द्यायला आणि एक यंत्रचालक आरसा धरायला. आरशात सगळं उलटं दिसत असल्याने बराचसा भाग त्याने हाताच्या स्पर्शानेच केला. पावणेदोन तास लागले. काढलेल्या अपेंडिक्सच्या बुडाशी काळा डाग होता. आणखी एक दिवस गेला असता तर फुटलं असतं, असं त्याने लिहून ठेवलंय. दोन आठवड्यांत तो कामावर आला.

ऑस्ट्रेलियाच्या स्थानकांवर हिवाळाभर राहणाऱ्या डॉक्टरांना आजही निघण्याआधी अपेंडिक्स काढून घ्यावं लागतं, कारण तिथे डॉक्टर एकच असतो.

---

उत्तरायण

म्हादईताई, अंगावर काटा आला.

मी उत्तर जर्मनीत राहतो. दुर्बिणीने अपेंडिक्स काढण्याचं पहिलं ऑपरेशन इथेच, कीलमध्ये, १९८० साली कुर्ट झेम यांनी केलं. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि सुरुवातीला सर्जन मंडळींनी त्यांना कडाडून विरोध केला. आज आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावीही ते होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

वैनगंगा

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी गडचिरोलीकडे काम करतो. आमच्याकडे माणसं उशिरा येतात ती अज्ञानापेक्षा पैशाच्या आणि अंतराच्या भीतीने.

१०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे. पोटाच्या तीव्र दुखण्यालाही ती येते, फक्त अपघातालाच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा आणि हा आजार, हे ऑपरेशन या रुग्णालयात योजनेत बसतं का ते दाखल होतानाच विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात हे ऑपरेशन रोजचं आहे, तिथे जायला कमीपणा मानू नका.

खासगी विमा असेल तर तातडीने दाखल झाल्याचं विमा कंपनीला साधारण २४ तासांत कळवावं लागतं. सीटीचा अहवाल, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल, या सगळ्याच्या प्रती ठेवा. नव्या पॉलिसीत पहिल्या ३० दिवसांतला आजार सहसा मिळत नाही, अपघात मिळतो.

---

सुरंगी

वैनगंगा, खूप चांगली माहिती दिलीत. तुकड्याच्या अहवालाबद्दल मीही सांगणारच होते. आम्हाला तो आठवड्याने मिळाला आणि सर्जननी वाचून दाखवला. घरी जायच्या गडबडीत तो आणायचा राहून जातो.

---

सांगलीकर_सर्जन

तो अहवाल न्याच. शंभरात एखाद्याहूनही कमी जणांत, पण कधीकधी त्या नळीच्या टोकाशी लहान गाठ सापडते. बहुतेक वेळा ती काढून झालेली असते आणि पुढे काही लागत नाही, तरी कुणीतरी वाचलं पाहिजे.

---

पंचगंगा

माझं दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन महिना उलटला. सगळं कोरडं झालं होतं. आता बेंबीच्या टाक्यापाशी छोटी गाठ आलीये आणि त्यातून पाण्यासारखं येतं. ताप नाही. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दोनदा बदललं, फरक नाही. मुलगा सांभाळायचा आहे, तो पावणेदोन वर्षांचा, त्याला उचलता येत नाही म्हणून रडतो. काय करावं?

---

सांगलीकर_सर्जन

ताई, घाबरू नका, पण याला हलकं घेऊ नका. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात येणारा पू हा नेहमीच्या जंतूंचा असतो आणि साध्या उपचारांनी जातो. कोरडी झालेली जखम तीन-चार आठवड्यांनी पुन्हा गाठ धरून स्रवायला लागली आणि नेहमीची औषधं चालेनात, तर क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातल्या पण क्षयरोग न करणाऱ्या जंतूंचा संसर्ग असू शकतो. पाणी आणि नीट निर्जंतुक न झालेली दुर्बिणीची अवजारं यांतून तो येतो. कधी आत राहिलेला दोराही कारण असतो.

आता तिसरं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जा. स्राव किंवा गाठीचा तुकडा तपासायला पाठवा आणि चिठ्ठीवर या वेगळ्या जंतूंसाठीची तपासणी स्पष्ट लिहून घ्या. नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, ते सहज सापडत नाहीत. उपचार काही महिने चालतात, पण बरं होतं. आंघोळ करा, जखम कोरडी ठेवा, वरून काही लावू नका.

ताप, थंडी, पोट फुगणं, सतत उलट्या, किंवा गॅस आणि शौच दोन्ही बंद, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सीत. हे पंचगंगाताईंसाठीच नाही, सगळ्यांसाठी. पहिल्या दोन आठवड्यांत पोटात पू साठू शकतो, आणि पुढे महिन्या-वर्षांनीही आतडी एकमेकांना चिकटून अडथळा होऊ शकतो.

---

पंचगंगा

उद्या सकाळीच जाते डॉक्टर. अगदी हाच क्रम झालाय माझा.

---

पारंबी

पंचगंगा, बाळाला उचलता येत नाही तोवर तू खाली सतरंजीवर बस आणि त्याला मांडीवर चढू दे. माझ्या लेकीच्या वेळी भाचरू असंच रडायचं, आम्ही तसंच केलं. एकटीने उठू नकोस, शेजारी खुर्ची ठेव. कोल्हापुरात असशील तर मला व्यक्तिगत निरोप कर, माझी बहीण तिथेच असते, दुपारी येऊन बाळाला बघेल.

---

आबोली

डॉक्टर, एक शेवटचं विचारते. गाडी कधी चालवायची आणि जिमला कधी जायचं? भावाचं मागच्या आठवड्यात झालंय आणि तो ऐकत नाही.

---

सांगलीकर_सर्जन

पोटात न दुखता जोरात ब्रेक दाबता येतो का, ते गाडी उभी असतानाच पाहायला सांगा. दुर्बिणीनंतर बहुतेकांना ते एक-दोन आठवड्यांत जमतं, दुचाकीला त्याहून थोडं उशिरा, खड्ड्यांमुळे. दुखणं दाबणाऱ्या झोपाळू गोळ्या चालू असेपर्यंत काहीच चालवायचं नाही. जड उचलणं दुर्बिणीनंतर तीनेक आठवडे नको, उघडं ऑपरेशन असेल तर सहा. पाण्याची भरलेली कळशीसुद्धा त्यात आली. जिममध्ये आधी चालणं, पोटाचे व्यायाम सगळ्यात शेवटी. चालायला मात्र आजपासूनच, रोज थोडं थोडं वाढवत. अपेंडिक्स फुटलेलं असेल तर हे सगळे आकडे विसरा आणि त्याच्या सर्जनना विचारा.

---

पंचगंगा

कळवते म्हणून आले. सर्जननी गाठीचा तुकडा घेतला, चिठ्ठीवर वेगळी तपासणी लिहिली, अहवालाला काही आठवडे लागतील म्हणाले. अवजारं कशी निर्जंतुक करतात ते मी विचारलं, त्यांनी न चिडता दाखवलं. पारंबीताई, तुमच्या बहिणीचा फोन आला होता, गुरुवारी येणार आहेत. अहवाल आला की इथेच लिहीन.